स्प्रिंग नसलेली गाडी

मंडळी, या शनिवारचा विषय जरा जड आहे. चहा मोठ्या कपात घ्या आणि सावकाश वाचा.

आमच्या मालवणकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात 'बसरा' हे गाव असं यायचं, जणू ते कणकवलीच्या थोडं पुढे असावं. "तो बसऱ्याक गेललो." एवढं एक वाक्य व्हायचं आणि विषय संपायचा. आजच्या पोरांना बसरा म्हटलं की तेल आठवतं, फार तर आखातातली नोकरी. पण हा बसरा शंभर वर्षांहून जुना आहे. तिथे आमच्याकडची माणसं नोकरीलाच गेली होती, फक्त ती नोकरी पलटणीतली होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फ्रान्समधले खंदक येतात. पण हिंदुस्थानातून सगळ्यात जास्त माणसं गेली ती फ्रान्सला नाही, मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. युद्ध संपेपर्यंत हा आकडा पाच लाखांच्या वर गेला होता. सुरुवात झाली ६ नोव्हेंबर १९१४ ला. त्या दिवशी इराणच्या आखाताच्या टोकाला फाओ इथे हिंदी फौज उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतलं. मूळ हेतू मर्यादित होता: इराणमधलं तेल सांभाळायचं आणि तुर्कांना आखातापासून लांब ठेवायचं.

ही फौज म्हणजे सहावी डिव्हिजन, जिला 'पूना डिव्हिजन' म्हणत. तिच्या तीन ब्रिगेडची नावं बघा: पूना, अहमदनगर आणि बेळगाव! आपल्याला वाटतं इराक कुठे आणि आपण कुठे, पण या फौजेचा पत्ताच आपल्याकडचा होता. पूना ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण, अहमदनगर ब्रिगेडमध्ये १०३ वी आणि बेळगाव ब्रिगेडमध्ये ११० वी. सोबत गोऱ्या पलटणी, पंजाबी आणि राजपूत होतेच. पण तिन्ही ब्रिगेडमध्ये एक एक मराठा पलटण होती आणि या पलटणींची भरती देशावरून आणि कोकणातून व्हायची. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९८१ चा. मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि सावंतवाडी वेगळं संस्थान होतं. त्या संस्थानचे बापूसाहेब महाराज स्वतः पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आले.

कोकणातला माणूस पलटणीत का जायचा, हे कोकणातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. चार कुणग्यांचा भात वर्षभर पुरत नाही. मग एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, एक बोटीवर आणि एक पलटणीत. घर चालायचं ते मनीऑर्डरीवर. गंमत म्हणजे त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात 'लढाऊ जमाती'चं खूळ होतं आणि त्या यादीत मराठ्यांचा नंबर बराच खाली गेला होता. मेसोपोटेमियात या पलटणी इतक्या चिवट लढल्या, की इंग्रजांना ते मत गिळावं लागलं. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला.

असो. पराक्रमाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला आज वेगळी गोष्ट सांगायचीये. गोळी लागल्यावर त्या माणसाचं काय झालं? त्याला कशात घालून नेलं?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. लढाईत गोळी लागणं शत्रूच्या हातात असतं. पण गोळी लागलेला माणूस जगणार की मरणार, हे बऱ्याचदा त्याला नेणारी गाडी ठरवते. आणि ती गाडी कुठली असणार, हे लढाईच्या कितीतरी महिने आधी, रणांगणापासून हजारो मैल लांब, कुठल्यातरी टेबलावर ठरलेलं असतं.

आता तिथला भूगोल बघू. बसऱ्याच्या वर सपाट गाळाची जमीन. पाऊस पडला की गुडघाभर चिखल, ऊन पडलं की टणक ढेकळं. पक्का रस्ता नाही, रेल्वे नाही. एकच महामार्ग, तो म्हणजे तैग्रिस नदी. बसऱ्याहून बगदादपर्यंत नदीच्या वळणावळणांनी जवळजवळ ८०० किलोमीटर. पाणी उतरलं की ठिकठिकाणी जेमतेम तीन-चार फूट खोली. मालवणच्या माणसाला हे चित्र लगेच कळेल. कर्ली किंवा कालावलीच्या खाडीत कुठली होडी चालेल आणि कुठली रेतीत रुतेल, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. तळ सपाट पाहिजे, बोट पाण्यात कमी बसली पाहिजे, आणि वळणावर ती फिरवता आली पाहिजे. समुद्रात चालणारी बोट खाडीत घातली तर ती बोट राहत नाही, बेट होते.

म्हणजे फौजेला दोन प्रकारची वाहनं लागणार होती: नदीसाठी उथळ पाण्यातल्या आगबोटी आणि जमिनीवर जखमींसाठी गाड्या. दोन्ही नव्हत्या. अगदीच नव्हत्या असं नाही. ज्या होत्या त्या कमी होत्या आणि भलत्याच कामासाठी बनवलेल्या होत्या.

जमिनीवर होती ती 'एटी कार्ट', म्हणजे आर्मी ट्रान्सपोर्ट कार्ट. दोन चाकं, दोन खेचरं आणि वर सामान ठेवायला सांगाडा. वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ वाटांवर पिठाची पोती आणि काडतुसांच्या पेट्या वाहायला ही गाडी उत्तम. साधी, दणकट, मोडली तर लगेच दुरुस्त होणारी. आपल्या भाषेत सांगायचं तर लष्करी खटारा. तिला स्प्रिंग नव्हती, कारण पिठाच्या पोत्याला स्प्रिंगची गरज नसते.

माणसाला असते. मेकॅनिकलवाल्या मित्रांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: चाक ढेकळावरून गेलं की जो हिसका बसतो, त्याचा बराचसा भाग स्प्रिंग स्वतः खाते आणि उरलेला हळूहळू सोडते. स्प्रिंग नसेल तर तो हिसका जसाच्या तसा वर बसलेल्याच्या हाडापर्यंत जातो. धडधाकट माणसाची फक्त कंबर दुखते. पण ज्याच्या मांडीचं हाड गोळीने फुटलंय त्याच्या बाबतीत हाडाची धारदार टोकं प्रत्येक हिसक्याला आतलं मांस आणि रक्तवाहिन्या कापत जातात. रक्तस्राव वाढतो, शॉक बसतो आणि माणूस गाडीतच जातो.

हे मी रंगवून सांगत नाहीये. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मांडीचं हाड गोळीने फुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मरत. फ्रान्सच्या आघाडीवर १९१७ पर्यंत 'थॉमस स्प्लिंट' नावाची एक साधी लोखंडी चौकट सर्रास वापरात आली. जखमीला हलवायच्या आधी पाय त्या चौकटीत ताणून बांधायचा. मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली आलं. गोळी तीच, जखम तीच. फरक एकच: वाटेत हाड हललं की नाही. म्हणजे जखमीच्या बाबतीत वाहतूक हाच अर्धा उपचार असतो.

हिंदी फौजेत जखमी नेण्याची जुनी पद्धत डोलीची होती, म्हणजे माणसांच्या खांद्यावरून. चकमकीत पाच-पंचवीस जखमी असतील तर ते जमतं. हजारो असतील तर काय करणार? आणि जखमींसाठी चाकांवरच्या ॲम्ब्युलन्स गाड्या या फौजेबरोबर पाठवलेल्याच नव्हत्या. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये मोटार ॲम्ब्युलन्स धावत होत्या, हॉस्पिटल ट्रेन होत्या, आणि जखमी हिंदी शिपायांसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनचा राजवाडा हॉस्पिटल म्हणून उघडला होता. म्हणजे तंत्रज्ञान नव्हतं, असं म्हणायला जागा नाही.

१९१५ हे वर्ष सुरुवातीला फार छान गेलं. एप्रिलमध्ये शैबाची लढाई जिंकली, जूनमध्ये अमारा घेतलं, सप्टेंबरच्या शेवटी कूत-अल-अमारा. प्रत्येक विजयाबरोबर फौज बसऱ्यापासून लांब जात होती. म्हणजे तेवढ्याच बोटींना जास्त लांब फेऱ्या, जास्त माल, जास्त माणसं. सर्व्हर तेच आणि युजर दहापट, अशी अवस्था. पण प्रत्येक वेळी कसंबसं निभावलं, त्यामुळे वर सगळ्यांना वाटलं की निभावतं! कुठलीही सिस्टिम कोसळण्याआधी असाच एक काळ येतो, जेव्हा ती केवळ नशिबावर चालते आणि तिच्या चालण्याचं श्रेय मॅनेजर घेतो.

मग ठरलं, बगदाद घ्यायचं. सरसेनापती होते जनरल निक्सन आणि प्रत्यक्ष डिव्हिजनचे प्रमुख टाउनशेंड. टाउनशेंडना शंका होत्या, पण निक्सन ठाम होते आणि सिमल्याला व लंडनला एका ठसठशीत विजयाची भूक होती. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉन इथे गाठ पडली. तिन्ही मराठा पलटणी तिथे होत्या. लढाई अशी झाली की मैदान आपल्या हातात, पण फौज अर्धमेली. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास. तयारी होती ती जेमतेम काहीशे गंभीर जखमींची.

हे जखमी त्याच खटाऱ्यांत भरले. थंडीच्या रात्री, गादी नाही, पुरेशी पांघरुणं नाहीत, काहींच्या जखमा धड बांधलेल्याही नाहीत. काही मैल खाचखळग्यांतून नदीवर लज्ज नावाच्या ठिकाणी. पुढे चौकशी झाली तेव्हा साक्षीदारांनी सांगितलं, की काहीजण गाडीत बसण्यापेक्षा फुटक्या पायांनी खुरडत जाणं पत्करत होते.

नदीवर पोचल्यावर सुटका झाली, असंही नाही. जखमींसाठी वेगळी हॉस्पिटल बोट नव्हती. जी आगबोट वर दारूगोळा, दाणावैरण आणि जनावरं घेऊन येई, तीच धुतली न धुतली अशा अवस्थेत परतताना जखमी घेऊन जाई. आगबोटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पडाव बांधलेले, त्यांच्या उघड्या तळावर माणसं रांगेने निजवलेली. बोट उथळ पाण्यात रुतायची, काठावरून गोळीबार व्हायचा.

यातल्या 'मेजिदिया' नावाच्या आगबोटीची हकीकत इतिहासात राहिली, ती एका डॉक्टरमुळे. मेजर कार्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, बसऱ्याला 'वरेला' या हॉस्पिटल जहाजावर होते. मेजिदिया बसऱ्याला आली तेव्हा त्यांना लांबून दिसलं की बोटीच्या बाजूंनी दोरखंड लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं ते दोरखंड नव्हते. आमांश झालेल्या, हलताही न येणाऱ्या माणसांची विष्ठा बाजूवरून ओघळून वाळली होती. टेसिफॉनहून बसऱ्यापर्यंत प्रवास लागला होता तेरा दिवसांचा. कित्येकांची पट्टी रणांगणावर बांधली त्यानंतर बदललीच नव्हती. जखमांत किडे पडले होते. मोडलेल्या हाडांना आधार म्हणून मिळेल ती फळकुटं बांधलेली.

जेवताना वाचत असाल तर माफ करा. पण हे वाक्य वगळलं तर पुढची गोष्ट कळत नाही.

पुढची गोष्ट अशी, की त्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निक्सन यांच्या नावाने वर तार गेली. जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे, बरेच जण लवकरच बरे होऊन कामावर येतील, आणि अडचणी असूनही वैद्यकीय खात्याने उत्तम काम केलं, असा तिचा मथितार्थ. तारेचा मजकूर वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांचा होता. स्टेटस रिपोर्ट हिरवा! खाली बोटीवरून माणसं उचलून काढतायत आणि वर स्टेटस हिरवा. ज्यांनी कधी वीकली रिपोर्ट भरलाय त्यांना हा रंग ओळखीचा वाटेल.

कार्टरनी तक्रार केली. बक्षीस काय मिळालं? वरिष्ठांनी त्यांनाच दम दिला. लुडबुड करणारा, खोड्या काढणारा माणूस ठरवलं, अटकेची आणि जहाज काढून घेण्याची धमकी दिली. कार्टर गप्प बसले नाहीत, एवढंच आपलं नशीब. त्या पडावांवर निजलेल्या मराठा, पंजाबी शिपायांना लिहिता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी पत्र सेन्सॉरमधून गेलं असतं. जे घडलं ते जगाला कळलं, कारण एका आतल्या माणसाने ते बघितलं आणि लिहिलं.

टेसिफॉननंतर फौज मागे कूतला आली आणि तिथे वेढली गेली. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला गेलेल्या फौजेची जानेवारी १९१६ मध्ये शेख साद इथे पुन्हा तीच गत झाली: हजारो जखमी, पुन्हा चिखल, पुन्हा स्प्रिंग नसलेल्या गाड्या. एकदा झालेली चूक दीड महिन्यात जशीच्या तशी. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं, सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातली बहुतेक वाळवंटातून पायी हाकलली गेली आणि हजारो परत आली नाहीत.

आता मूळ प्रश्न. हे का झालं? गाड्या आणि बोटी कुणी मागितल्या नव्हत्या का? मागितल्या होत्या. १९१५ च्या उन्हाळ्यात निक्सन यांनी आणखी नदीबोटी मागितल्या होत्या. मागणी सिमल्याला गेली, तिथे घासाघीस झाली, मग ऑर्डर विलायतेला गेली. बोट बांधून, जहाजावर चढवून आणायला महिने लागतात, आणि टेसिफॉन तोवर थांबणार नव्हतं. बसऱ्याहून रेल्वे टाकायचा प्रस्ताव होता, तो खर्चाच्या कारणाने नाकारला गेला. हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्याने काटकसरीचं धोरण युद्धातही सोडलं नव्हतं.

पण सगळा दोष चिंगूसपणावर ढकलणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. बोटी आल्या नाहीत, हे निक्सन यांना माहीत होतं. माहीत असूनही ते पुढे गेले. दुसरी गोष्ट, मोहीम नक्की कुणाची, हेच ठरलेलं नव्हतं. धोरण लंडनचं, कारभार सिमल्याचा, प्रत्यक्ष निर्णय बसऱ्याचा. लंडनला वाटायचं सिमला बघतंय, सिमल्याला वाटायचं निक्सन मागतील तर देऊ, आणि निक्सन यांना वाटायचं मागत बसलो तर बगदाद हातचं जाईल. तीन मालक असलेलं काम बिनमालकाचं असतं. त्यात जखमींची गाडी हा विषय प्रत्येकाच्या यादीत शेवटचा, कारण यादी करणाऱ्यांपैकी कुणीही त्या गाडीत बसणार नव्हता.

शेवटी बोंबाबोंब झाली. ऑगस्ट १९१६ मध्ये लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली 'मेसोपोटेमिया कमिशन' नेमलं गेलं आणि जून १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याचा अहवाल जाहीर झाला. हे मला आजही विशेष वाटतं. कमिशनने नावं घेऊन दोष दिला: निक्सन, व्हाइसरॉय हार्डिंग, हिंदुस्थानचे सरसेनापती डफ, वैद्यकीय प्रमुख. कार्टर यांची साक्ष अहवालात आली. स्प्रिंग नसलेल्या गाड्या अहवालात आल्या. खळबळ इतकी झाली की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला.

आणि इथे एक वळण आहे जे शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो, पण त्याचा या खटाऱ्याशी संबंध कुणी सांगत नाही. चेंबरलेन यांच्या जागी आले माँटेग्यू. त्यांनी अहवालावरच्या चर्चेत हिंदुस्थान सरकारचा कारभार लाकडासारखा ताठर आणि कालबाह्य झाल्याचं सांगितलं होतं. महिन्याभरात, २० ऑगस्ट १९१७ ला, त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. मग माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा वगैरे, दहा मार्कांचा प्रश्न. ती घोषणा केवळ मेसोपोटेमियामुळे झाली असं नाही, मागे होमरूल होतं, लखनौ करार होता. पण जे सरकार आपल्याच जखमींना नीट नेऊ शकत नाही ते देश चालवायला लायक आहे का, हा प्रश्न लंडनच्या पार्लमेंटमध्ये उभा राहिला, तो त्या पडावांमुळे.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९१६ मध्ये मोहिमेचा कारभार लंडनच्या युद्धखात्याने हातात घेतला. बसरा बंदराला धक्के बांधले, रेल्वे टाकली, नदीवर योग्य बोटी आणि हॉस्पिटल बोटी आल्या, मोटार ॲम्ब्युलन्स आल्या. ११ मार्च १९१७ ला जनरल मॉड यांच्या फौजेने बगदाद घेतलं. नदी तीच, चिखल तोच, शत्रू तोच आणि शिपाईही त्याच मुलखांतले. म्हणजे 'परिस्थितीच तशी होती' हे कारण खोटं होतं. परिस्थिती बदलता येत होती. पंधरा महिने आधी ती बदलावी असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

इथे थांबलो असतो तर हा जुना इतिहास झाला असता. पण गंमत, म्हणजे खरं तर शोकांतिका, अशी की बरोबर त्याच बसरा-अमारा भागात हीच गोष्ट पुन्हा घडली. २००३ मध्ये ब्रिटिश फौज इराकमध्ये गेली आणि तिच्या वाट्याला दक्षिण इराक आला. गस्तीसाठी तिच्याकडे होती 'स्नॅच लँड रोव्हर'. ही गाडी १९९० च्या दशकात उत्तर आयर्लंडसाठी बनवलेली. दगड, बाटल्या, लहान बंदुकीची गोळी अडवायला ठीक. इराकमध्ये रस्त्याकडेला पुरलेले बॉम्ब होते आणि त्यांच्यापुढे ती पत्र्याच्या डब्यासारखी फाटायची. सैनिक तिला फिरती शवपेटी म्हणू लागले. म्हणजे पुन्हा तेच: गाडी वाईट नव्हती, ती भलत्या कामासाठी बनवलेली होती. एटी कार्ट पिठासाठी, स्नॅच दगडांसाठी.

आणि उपाय माहीत नव्हता का? तोही होता. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून सुरुंगांना तोंड देणाऱ्या गाड्या बनत होत्या. तत्त्व सोपं आहे. गाडीचा तळ सपाट असेल तर खालून आलेला स्फोट सगळा दाब तळावर टाकतो. तोच तळ इंग्रजी 'व्ही'सारखा, आपल्या होडीच्या तळासारखा निमुळता केला आणि जमिनीपासून उंच ठेवला, तर स्फोटाचा बराच जोर दोन्ही बाजूंना निघून जातो. गंमत बघा, तैग्रिसवर सपाट तळाची बोट हवी होती ती नव्हती आणि नव्वद वर्षांनी त्याच मुलखात निमुळत्या तळाची गाडी हवी होती ती नव्हती!

स्नॅचमध्ये इराक आणि अफगाणिस्तान मिळून किमान ३७ ब्रिटिश सैनिक मेले. त्यांच्या घरच्यांनी सरकारला कोर्टात खेचलं. सरकारचं म्हणणं, युद्धातल्या निर्णयांवर कोर्टात जाता येत नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने कुटुंबांना खटला चालवायची मुभा दिली. मतितार्थ असा की रणांगणावरचा निर्णय वेगळा आणि त्याआधी ऑफिसात घेतलेला सामग्रीचा निर्णय वेगळा. जुलै २०१६ मध्ये चिलकॉट चौकशीचा अहवाल आला. त्यात म्हटलंय, की गस्तीसाठी चांगल्या गाड्या द्यायला झालेला उशीर खपवून घ्यायला नको होता, आणि ही उणीव ओळखून मांडायची जबाबदारी खात्यात नेमकी कुणाची होती, हेच स्पष्ट नव्हतं. हे शेवटचं वाचून मी १९१७ च्या अहवालाकडे परत गेलो. नव्याण्णव वर्षांनी तेच उत्तर. २०१७ मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली.

ब्रिटनला नावं ठेवून आपण हात झटकू शकत नाही. १९८७ ते १९९० मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत होती, त्यात आपले अकराशेहून अधिक जवान गेले. रस्त्यातले सुरुंग ही तिथली मोठी डोकेदुखी होती आणि आपले जवान बऱ्याचदा साध्या ट्रक-जीपमधून फिरत होते. सुरुंगरोधक गाड्या पुढे आल्या, काश्मीरसाठी आफ्रिकन बनावटीच्या 'कॅस्पिर' घेतल्या गेल्या, आपल्याकडे मेदकच्या कारखान्यात तशा गाड्या बनू लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांत आजवर सुमारे १८० भारतीय जवान मेलेत. २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात एकाच दिवशी पाच गेले. परदेशात जवान पाठवायचा निर्णय दिल्लीत होतो, बातमी दोन दिवस टिकते, आणि गाडीचा तळ कसा होता हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. कारण 'शहीद' हा शब्द आपण एकदा उच्चारला की पुढचे सगळे प्रश्न अपमानासारखे वाटायला लागतात. मला उलट वाटतं. शत्रूच्या गोळीने मेला की आपल्याच गाडीने मारला, हे शोधून काढणं हा मेलेल्याचा मान आहे. कार्टर यांनी तेच केलं. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. बोटीवर किती माणसं, किती दिवस, पट्टी कधी बदलली, एवढंच लिहिलं.

शेवटी एक आकडा. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं युद्धस्मारक उभारलं गेलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी. त्यावर गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांची नावं नव्हती. पलटणीचं नाव आणि पुढे किती मेले ती संख्या. ब्रिटनच्या युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं कबूल करून माफी मागितली. स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते शहराबाहेर वाळवंटात नेऊन पुन्हा उभारलं. आपल्याकडे अनेक गावांत इंग्रजांनी संगमरवरी पाट्या लावल्या होत्या. त्याही तशाच: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. नाव गावाचं, माणसाचं नाही.

तुमच्या गावात चावडीच्या, शाळेच्या किंवा कचेरीच्या भिंतीत अशी एखादी पाटी असेल तर चुन्याचे थर खरवडून बघा. दोन आकडे सापडतील. पहिला आकडा सरकारने ठरवला होता, दुसरा बराचसा गाड्यांनी आणि बोटींनी ठरवला. त्यातली नावं गावातल्या कुणाला माहीत असतील तर लिहून ठेवा. वहीत लिहा, एक्सेल शीटमध्ये लिहा, कुठेही लिहा. ते काम आता कुठलंही कमिशन करणार नाहीये.